ज्याची गच्ची, त्याचा सूर्य

राजधानीच्या राजकारणाला विजेच्या बिलाने आजवर अनेकदा वळण दिले आहे. शीला दीक्षित यांच्या सरकारने २००२ मध्ये वीजवितरण खासगी कंपन्यांकडे सोपविले. त्यानंतर दहा वर्षांनी वाढीव बिलांविरोधातील असंतोषावर स्वार होऊनच आम आदमी पक्षाने दिल्लीत पाय रोवले. ऑगस्ट २०१९ मध्ये दरमहा दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत झाली आणि देशातील बहुतेक राजकीय पक्षांना त्या घोषणेची दखल घ्यावी लागली. आता हे राजकारण मीटरवरून गच्चीवर चढले आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील सोहळ्याहून परतताच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एक कोटी घरांच्या छतांवर सौरफलक बसविण्याचा संकल्प जाहीर केला. आठवडाभरातच, २९ जानेवारीला, तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी दिल्लीचे नवे सौरधोरण मांडले. दोघांचे आश्वासन एकच होते : बिल शून्यावर येईल. हे शून्य कोणाच्या खात्यावर मांडले जाणार, याचा उच्चार मात्र दोन्हीकडे नव्हता.

प्रश्न हवामान धोरणाच्या मुळाशी जाणारा आहे. घरावर सौरफलक आणि दारात विजेवर चालणारी मोटार, असे चित्र दिल्ली, गुरुग्राम, पुणे, अहमदाबाद वा कोची येथील सुस्थित वस्त्यांत आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. हे कुटुंब पर्यावरणाचे भले करीत आहे आणि स्वतःचा खर्चही वाचवीत आहे, हे खरेच आहे. परंतु फलक आणि मोटार यांना जोडणारी तार सार्वजनिक आहे. तिचा खर्च कोण देणार, हे ठरविल्यावाचून सरकारने फलकालाही अनुदान दिले आणि मोटारीलाही सवलत दिली. धोरणातील खरी गाठ तेथे आहे.

छतांवरील सौरविजेचा इतिहास यशापेक्षा हुकलेल्या उद्दिष्टांचाच अधिक आहे. हवामानबदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारने जून २००८ मध्ये जाहीर केला. त्यातील आठ मोहिमांपैकी सौरमोहीम जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या नावाने सुरू झाली. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट हे तिचे लक्ष्य होते. मोदी सरकारने २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॉटवर नेले आणि त्यातील ४० हजार मेगावॉट छतांवरून मिळतील, असे गृहीत धरले. राजस्थान व गुजरातच्या वाळवंटी प्रदेशांत महाकाय प्रकल्प उभे राहिले. पण २०२२ संपले तेव्हा छतांवरील क्षमता उद्दिष्टाच्या चतुर्थांशापर्यंतही पोहोचली नव्हती. अनुदानाची क्लिष्ट प्रक्रिया हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण असे की, ज्या वितरण कंपनीने परवानगी द्यायची, तिचाच चांगला ग्राहक या परवानगीमुळे कमी होणार होता. साहजिकच अर्ज टेबलावर पडून राहिले.

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ने यातील पहिला अडसर बऱ्याच अंशी दूर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे एका घरास कमाल ७८ हजार रुपये मिळू लागले. दहा किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून मुक्ती मिळाली. मार्च २०२५ मध्ये दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. एक कोटीचे लक्ष्य २०२६-२७ पर्यंतचे आहे आणि ते अद्याप दूर आहे. तरीही आधीच्या दशकाच्या तुलनेत वेग वाढला, हे नाकारता येणार नाही. दिल्लीत २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या रेखा गुप्ता यांच्या सरकारने तीन किलोवॉटसाठी स्वतःचे ३० हजार रुपये वर घातले. त्यामुळे राजधानीतील घरमालकाला एक लाख आठ हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते.

आता या घराचा हिशेब पाहावा. तीन किलोवॉटच्या यंत्रणेला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी गच्ची लागते, खर्च दीड ते दोन लाखांच्या आसपास येतो आणि उत्तर भारतातील उन्हात ती महिन्याला तीनशे युनिटपेक्षा थोडी अधिकच वीज देते. विजेवरची मध्यम आकाराची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर चालते. म्हणजे महिन्याला हजार किलोमीटरसाठी सुमारे दीडशे युनिट पुरतात. तेवढेच अंतर पेट्रोलवर कापायचे तर लिटरला ९५ रुपये व पंधरा किलोमीटर या हिशेबाने सहा हजारांवर खर्च होतो. विजेच्या मोटारीचा तो खर्च घरगुती दराने जेमतेम हजाराच्या घरात राहतो. थोडक्यात, अर्धी गच्ची मोटारीला पोसते आणि उरलेली अर्धी पंखे, दिवे, शीतकपाट सांभाळते.

कागदावरचा हा हिशेब बिनचूक आहे. त्यात फक्त घड्याळ दिसत नाही. फलक भरात असतात ते दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. त्या वेळी मोटार कार्यालयाच्या आवारात उभी असते आणि घरात फारसे कोणी नसते. संध्याकाळी मोटार परतते, दिवे लागतात, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे सुरू होतात; तेव्हा सूर्य मावळलेला असतो. दुपारची वीज तारेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते आणि रात्रीची वीज दादरी वा सिंगरौलीच्या कोळशावरील केंद्रांतून येते. या दोहोंची वजाबाकी करून केवळ फरकाचे बिल आकारण्याच्या पद्धतीला ‘नेट मीटरिंग’ म्हणतात. दिल्लीत ती २०१४ पासून लागू आहे. घरमालकाच्या दृष्टीने वीजजाळे ही एक पेढी ठरते : दुपारी एक युनिट ठेवावे, रात्री एक युनिट काढावे, वटणावळ काहीच नाही. पेढीला मात्र दुपारी मिळालेले युनिट स्वस्त आणि रात्री द्यावे लागणारे महाग पडते. शिवाय खांब, रोहित्रे, तारा आणि कर्मचारी चोवीस तास सज्ज ठेवावे लागतात ते वेगळेच.

या पेढीचा ताळेबंद आधीच तुटीचा आहे. दिल्लीत पहिल्या दोनशे युनिटना तीन रुपये आणि आठशेच्या पुढच्या युनिटना सात-आठ रुपये, अशी दरांची उतरंड आहे. अधिक वीज वापरणाऱ्याने कमी वापरणाऱ्याचा भार थोडा उचलावा, हे या क्रॉस सबसिडीचे तत्त्व. पण छतावर फलक बसविणारा बहुधा याच वरच्या पायरीवरचा ग्राहक असतो. तो वजा झाला की उरलेला भार मधल्या पायऱ्यांवर येतो, किंवा तो कोणावरच न टाकता पुढे ढकलला जातो. दिल्लीने दुसरा मार्ग पत्करला. दरवाढ टाळत राहिल्याने तीन वितरण कंपन्यांची वसूल न झालेली रक्कम, नियामकांच्या भाषेत ‘नियामक मत्ता’, मार्च २०२४ अखेर २७ हजार २०० कोटी रुपयांवर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी थकबाकी ठराविक मुदतीत संपविण्याचा आदेश दिला. या साचलेल्या रकमेला सौरफलक जबाबदार नाहीत, कारण त्यांची संख्या त्या काळात नगण्यच होती. तथापि, ज्या खात्यातून फलकांची मुक्त देवघेव चालणार आहे ते खाते असे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दिल्लीच्या २०२४ च्या धोरणाने या गुंत्यात आणखी एक पदर घातला. फलकांची वीज वजा जाता उरलेला वापर दोनशे युनिटच्या आत आला, तर त्या घरालाही मोफत विजेचा लाभ देण्याची त्यात सोय होती. समजा, एखादे घर साडेचारशे युनिट वापरते. एरवी त्याला अनुदान नाही. त्याने तीनशे युनिट छतावर निर्माण केले की उरलेली दीडशे युनिट सरकार देणार. वर निर्माण केलेल्या प्रत्येक युनिटला पाच वर्षे दोन ते तीन रुपये प्रोत्साहन. झोपडीतील कुटुंबासाठी आणलेली सवलत अशा रीतीने कोठीच्या दारात जाऊन पोहोचते. उलट, ज्याचा वापर मुळातच दोनशे युनिटच्या आत आहे, त्याला फलकाची गरजच वाटत नाही. बिल शून्य असताना वाचवायचे काय? एकाच शहरात एक मोफत योजना दुसऱ्या मोफत योजनेची वाट अडवून उभी आहे.

त्याहून मूलभूत मुद्दा गच्चीच्या मालकीचा आहे. वसंत विहार वा ग्रेटर कैलाशमधील कोठीवाल्याला स्वतःची गच्ची आहे. पण दिल्लीतील जुनी घरे पाडून जे चार मजली ‘बिल्डर फ्लोअर’ उभे राहिले, तेथे गच्चीचा हक्क अनेकदा वरच्या मजल्याच्या मालकाकडे वा बांधकाम व्यावसायिकाकडेच असतो. द्वारका, रोहिणी, पटपडगंजच्या गृहनिर्माण संस्थांत शेकडो सदनिकांना मिळून एकच गच्ची असते आणि तीवर पाण्याच्या टाक्या असतात. अनधिकृत वसाहतींमधील दाटीत शेजारच्या भिंतीची सावली पडते. भाडेकरूला तर गच्चीवर बोलण्याचाच अधिकार नाही. मोटारीचेही तसेच. स्वतःच्या आवारात वाहन लावणारा रात्री घरच्या दराने बॅटरी भरतो. गल्लीत वाहन लावणाऱ्याला सार्वजनिक केंद्रावर त्याच्या दुप्पट-तिप्पट दर द्यावा लागतो. जमिनीच्या मालकीने ठरणारी विषमता हवामान धोरणाने जशीच्या तशी उचलली आणि तिच्यावर अनुदान चढविले.

विजेच्या मोटारींची कहाणीही घोषणा आणि वास्तव यांच्यातील अंतराचीच आहे. बंगळुरूच्या ‘रेवा’ने २००१ मध्ये हा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्याकडे कुतूहलापलीकडे कोणी पाहिले नाही. जानेवारी २०१३ च्या राष्ट्रीय आराखड्यात २०२० पर्यंत साठ ते सत्तर लाख विद्युत व संकरित वाहनांचे स्वप्न होते. २०१७ मध्ये पीयूष गोयल यांनी २०३० पर्यंत विकली जाणारी प्रत्येक मोटार विजेवरची असावी, अशी महत्त्वाकांक्षा बोलून दाखविली. पुढे ते लक्ष्य ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा २०१९ ते २०२४ असा चालला. त्यात आणि नंतरच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये खासगी मोटारींना थेट अनुदान नव्हते; त्यांना मिळाली ती पाच टक्के जीएसटीची आणि दिल्लीसारख्या राज्यांत पथकर व नोंदणी शुल्कमाफीची सवलत. विद्युत वाहनांना आता अनुदानाची गरज उरलेली नाही, असे नितीन गडकरी सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणाले. रांजणगाव व चाकण येथील कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या नव्या मोटारी पाहता त्यांच्या विधानात तथ्य होते. पण बरोबर वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि विजेच्या मोटारीची करातील आघाडी घटली.

दिल्लीच्या रस्त्यांवरील खरे विद्युत वाहन कोणते, याचे उत्तर मात्र कोणत्याही आराखड्यात नव्हते. ते ई-रिक्षा. २०१० नंतर ती मेट्रो स्थानकांबाहेर दिसू लागली, २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी आणली, आणि मतपेढीचे भान असलेल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त करून तिला मान्यता दिली. ई-रिक्षाचालकाला अनुदानित गच्ची नाही. तो शिशाच्या बॅटऱ्या रात्री एखाद्या वाहनतळावर भरतो आणि तिथली जोडणी कित्येकदा चोरीची असते. दिवसाला शेकडो प्रवाशांना पेट्रोलविना नेणारा हा माणूस धोरणाच्या भाषेत ‘समस्या’ ठरतो आणि आठवड्यातून चार वेळा कार्यालयात जाणारी दोन टनांची मोटार ‘उपाय’ ठरते. धोरण ज्या वर्गाच्या नजरेतून लिहिले जाते, त्या वर्गाची ही नजर आहे.

मग कोळशाच्या विजेवर मोटार चालवून पर्यावरणाचे काही साधते का, असा आक्षेप घेतला जातो. हिशेब करता त्यात पूर्ण सत्य नाही. देशाच्या जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हजार किलोमीटरच्या दीडशे युनिटमागे तो शंभर किलोंच्या थोडा वर जातो. तेवढ्याच अंतराच्या पेट्रोलमागे दीडशे किलो. म्हणजे कोळशावरही एक तृतीयांश बचत आहेच. दिल्लीच्या हवेतील नळकांड्याचा धूर कमी होतो, हा वेगळा लाभ. मात्र त्याची दुसरी बाजू आहे. बदरपूरचे औष्णिक केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले आणि राजधानीत कोळसा जाळणारे केंद्र उरले नाही. राख पडते ती सिंगरौली परिसरातील गावांवर. तीच मोटार रात्रीऐवजी दुपारी भरली, तर ही राख पुष्कळ अंशी टळेल.

तसे करणे अशक्य नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनाविनाची झाली. पॅरिस करारान्वये दिलेले २०३० चे वचन पाच वर्षे आधीच पूर्ण झाले. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचा वाटा सुमारे सत्तर टक्के राहिला. कारण क्षमता दुपारची आणि मागणी चोवीस तासांची. २०२५ मध्येच राजस्थानातील सौरप्रकल्पांना भर दुपारी उत्पादन आवरते घ्यावे लागले, कारण वीज वाहून नेण्यास पुरेशा वाहिन्या नव्हत्या. एकीकडे वाया जाणारी दुपार आणि दुसरीकडे रात्री रांगेत उभ्या मोटारी, असा हा विसंवाद आहे. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनी दिवसाचे आठ सौरतास १० ते २० टक्के स्वस्त आणि गर्दीचे तास तेवढेच महाग करण्यास सांगितले. शेती वगळता सर्व ग्राहकांसाठी त्याची मुदत एप्रिल २०२५ होती. परंतु त्यासाठी घरोघरी स्मार्ट मीटर लागतात आणि अनेक राज्यांत स्मार्ट मीटर म्हणजे दरवाढ, असे समीकरण मतदाराच्या मनात पक्के झाले आहे.

इतर देशांनी या वळणावर काय केले, ते बोलके आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या सौरग्राहकांच्या जादा विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने घटविला. धंदा कोसळला आणि बॅटरीसह फलक घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले. पाकिस्तानात वीजदर असह्य झाल्याने २०२४ मध्ये तब्बल १७ हजार मेगावॉटचे चिनी फलक आयात झाले. ज्यांना परवडले ते जाळ्यातून अर्धे बाहेर पडले, आणि बंद पडू लागलेल्या केंद्रांचे ठरीव शुल्क मागे राहिलेल्यांच्या बिलात उतरले. ऑस्ट्रेलियात तीनपैकी एकाहून अधिक घरांवर फलक आहेत. तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळाच विचार मांडला : दुपारी वीज ओसंडत असेल, तर ती दिवसातील तीन तास फलक नसलेल्या घरांनाही विनामूल्य मिळावी. गच्ची नसलेल्यालाही सूर्यात वाटा देणारी ही कल्पना आहे.

भारतात हा विचार करायचा कोणी, हा खरा पेच आहे. वीज हा समवर्ती सूचीतील विषय. अनुदानाचा धनादेश दिल्लीतून निघतो, त्यावर पंतप्रधानांचे नाव असते. वितरण कंपनीचा तोटा राज्याच्या माथी येतो. अनुदान जाहीर करणाऱ्या राज्याने ती रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी, असे २००३ च्या वीज कायद्याचे ६५ वे कलम सांगते. ते पाळले कमी आणि मोडले अधिक जाते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने नेट मीटरिंग दहा किलोवॉटपर्यंतच मर्यादित केले आणि ओरड होताच जून २०२१ मध्ये ती मर्यादा पाचशे किलोवॉटवर नेली. केरळच्या नियामक आयोगाने २०२५ मध्ये ही सवलत आखडण्याचा मसुदा काढला, तेव्हा फलकधारकांनी रान उठविले. महाराष्ट्रातही त्याच वर्षी दुपारची वीज रात्रीच्या वापरातून वजा करावी की नाही, यावर महावितरण आणि सौरग्राहक यांच्यात जुंपली. सौरग्राहकांचे म्हणणे चूक नव्हते : सरकारच्या शब्दावर कर्ज काढून फलक बसविल्यावर नियम बदलणे हा विश्वासभंगच आहे. कंपन्यांचेही चूक नव्हते. दोघांनाही अंधारात ठेवून योजना आखणारे तेवढे नामानिराळे राहिले.

मार्ग उपलब्ध आहेत. एका ठिकाणच्या फलकांची वीज अनेक मीटरांत वाटून देणारी ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’ची पद्धत दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्येच मान्य केली. शाळा, मंडई, मेट्रोचे डेपो यांच्या छतांवर भाडेकरूचा आणि झोपडीचाही वाटा त्यातून निघू शकतो. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सोयींसाठी, मोटारी भरण्याच्या सोयीसह, किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. त्याचा लाभ वाढवता येईल. सरकारी कार्यालयांच्या वाहनतळांवर दुपारी स्वस्त वीज दिली तर केंद्रीय सचिवालयापासूनच आरंभ होऊ शकतो. आणि तारेचे भाडे युनिटच्या दरापासून वेगळे, उघड आणि आधी सांगून आकारले, तर फलकधारकाला पुढच्या वीस वर्षांचा अंदाज येईल व शेजाऱ्याला आपण कोणाचे बिल भरतो हे कळेल.

यातील शेवटची गोष्ट सर्वांत अप्रिय आहे, कारण ती मतदाराला किंमत सांगते. एक कोटी घरांच्या संकल्पात ती बसत नाही आणि शून्य बिलाच्या जाहिरातीतही नाही. पण फलक दहा लाख घरांवर असताना हा नियम आखणे सोपे होते. ते एक कोटींवर गेल्यावर प्रत्येक दुरुस्ती हे एक आंदोलन ठरेल. छतांची संख्या मोजण्यात केंद्र आणि राज्ये गुंतलेली असताना ही मुदत हळूहळू संपत चालली आहे.